उतारावरचा ब्रेक

जुना ट्रॅक्टर बघायला दीना आणि तिचा नवरा एलिया तिसगावला गेले. मालक सहादेवनं तो नुकताच रंगवला होता. चालवणार दीना होती, म्हणून तीच सीटवर बसली. उतारावर तिनं ब्रेक दाबला, तसा ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाऊन बांधावर चढला. उलटायचाच बाकी होता.

"बाईमानसाचं काम न्हाई ते," सहादेव हसला. एलियाही हसला.

दीना तणतणत खाली उतरली. "एका चाकाला ब्रेकच लागत न्हाई! बसा तुमी, आना ह्याच उतारावरनं खाली!"

सहादेव जागचा हलला नाही. "सावकाश चालवायचा," तो पुटपुटला.

"लोकं मारायला इकताय व्हय?" तिनं किल्ली त्याच्या पायाशी फेकली.

मोटरसायकलवर ती एलियाला घरापर्यंत एकच विचारत राहिली, "तुमी का हसलात?"