शीग परत लोटली तेव्हा

मित्रांनो, तुमच्या घरी आता वजनकाटा असतो, म्हणून आधी माझी ओळख करून देते. मी दोन शेरांची एक जुनी लोखंडी अधोली आहे. पायलीच्या निम्मी. धान्य मोजायचं भांडं. आष्टीच्या बाजारात बसणाऱ्या एका लोहाराने पत्रा वाकवून मला घडवलं आणि तोंडाला जाड पट्टी बसवली. ही पट्टी म्हणजे माझा काठ. काठापर्यंत मावतं ते माझं माप. त्याच्यावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, त्याला शीग म्हणतात.

माणसांना शीग आवडते. माझं कौतुक नेहमी असंच झालं: "अधोली लई चांगली, शीग कशी धरती बघा." चाळीस वर्षं मी ज्वारी, बाजरी, तूर मोजली आणि नाव झालं डोक्यावरच्या ढिगाचं. काठाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे काटे आले. मी अजिनाथच्या पिठाच्या गिरणीत चाळण्यांच्या मागे जाऊन पडले.

तिथून मला मंजुषाने उचललं. ती अजिनाथची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. तिने मला ज्वारीने भरलं, तळहात काठावरून सपाट फिरवला, वरचे दाणे पाडले आणि बराच वेळ बघत राहिली. मग मला रिकामं केलं आणि पुन्हा भरलं. माझा काठ पाहणारं ते पहिलं माणूस. मंजुषा माझी, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मंजुषा आता एकोणीस वर्षांची आहे. गिरणीचा आवाज तिला त्रास देत नाही, कारण तो एकसारखा असतो. चार बायका एकदम बोलायला लागल्या, की मात्र ती कान झाकते. गिरणीचे दगड झिजून टाकीला, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरबरीत करायला, आले आहेत का, हे ती नुसत्या आवाजावरून सांगते. पण समोरच्याच्या मनात काय आहे, हे तिला तोंडाने सांगावं लागतं. गल्लीतल्या भिवराबाई एकदा सहज म्हणाल्या, "कवातरी ये की गं घरला." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंजुषा त्यांच्याकडे गेली आणि दोनपर्यंत बसून राहिली. तिला पाहिलं, की तेव्हापासून भिवराबाई दार अर्धं लोटून घेतात. मंजुषाला याचं कारण कळलेलं नाही.

शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून अजिनाथ तिला बीडला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी अस्पर्गर असा शब्द सांगितला. स्वमग्नतेतलाच हा एक प्रकार, आजार नव्हे, असंही समजावलं. अजिनाथने तो शब्द कागदावर लिहून आणला.

"औषध काय दिलं?" दळण घेऊन आलेल्या एकाने विचारलं.

"औषध न्हाई त्याला."

"मग गेलता कशाला बे एवढ्या लांब?"

अजिनाथने त्याचं दळण गिरणीत ओतलं. मला मात्र बरं वाटलं. औषध नव्हतं, बरोबरीच्या मुली नव्हत्या, मी होते. दिवस वाईट गेला, की मंजुषा गिरणीमागच्या खोलीत बसून मला भरायची आणि सपाट करायची, कधी तीस वेळा, कधी चाळीस. मित्रांनो, तिचे वाईट दिवस मला आवडायचे. हे सांगायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

मग गेल्या श्रावणात धनश्री आली. पाटोद्याकडून लग्न होऊन आलेली, मंजुषाहून दोनेक वर्षांनी मोठी. दळण आणायची आणि पीठ निघेपर्यंत पायरीवर बसायची. गावात तिचंही कुणी नव्हतं. मंजुषा तिला दगडाला टाकी कशी लावतात ते सलग पाऊण तास सांगायची आणि ती ऐकायची. मधेच म्हणायची, "थांब मंजू, हे परत सांग, मला न्हाई कळलं." मी वाट पाहिली, की ही कंटाळेल. ती कंटाळली नाही. तिच्या बांगड्या वाजल्या, की मला राग यायचा. मंजुषा मला रोज भरायची, ती आठवड्यातून दोनदा भरू लागली. दिवाळीनंतर तेही थांबलं आणि माझ्यात कोळ्याने जाळं केलं.

फेब्रुवारीत गावचा सप्ताह होता. काल्याच्या जेवणासाठी घरटी एक अधोली गहू काढायचा आणि अजिनाथच्या गिरणीत दळायचा, अशी इथली रीत आहे. हे धान्य काट्यावर घालत नाहीत; तेवढ्यापुरतं मला बाहेर काढतात आणि त्या गर्दीत मंजुषा कधी थांबत नसे. या वर्षी मोजायला कोण, असा विषय बायकांत निघाला, तेव्हा धनश्री म्हणाली, "मंजूला बसवा. तिच्याइतकं नेमकं कुणी मोजणार न्हाई." दोन-चार जणींनी नाकं मुरडली, तरी ते ठरलं.

पहिल्या दिवशी पहिला नंबर भिवराबाईंचा. त्यांनी मला स्वतःच्या हाताने चांगली शीग लावून भरलं. मंजुषाने तळहात काठावरून फिरवला आणि वरचे गहू त्यांच्याच पिशवीत परत लोटले.

"काय केलंस गं हे?" भिवराबाई म्हणाल्या. "देवाच्या नावानं काढलेलं परत पिशवीत?"

"एक अधोली सांगितलीया. ही एक अधोली. वरचं जास्तीचं हाय."

"आमी काय भिकारी हाव व्हय, काठ मोजून द्यायला?"

"न्हाई. तुमाला बारा एकर रान हाय."

रांग हसली. भिवराबाईंचा चेहरा उतरला. "हिला इथं बसिवलं कुणी?" त्यांनी विचारलं आणि सगळ्या धनश्रीकडे वळल्या. धनश्री पुढे आली. "सर मंजू, मी मोजते," असं म्हणून तिने मला मंजुषाच्या हातातून ओढून घेतलं. मंजुषा कान झाकून मागच्या खोलीत निघून गेली.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. मोजणी थांबल्यावर अजिनाथने मला आत नेऊन दिलं, तेव्हा मंजुषाने मला एक्केचाळीस वेळा भरलं. ती जेवली नव्हती. मला ते दिसत होतं, तरीही आपली मंजुषा परत मिळाली एवढंच माझ्या मनात होतं.

दिवेलागणीला धनश्री आली आणि उंबऱ्याशी बसली.

"मंजू, चुकलं माझं. चारचौघींत हातातून वढून घ्यायला नव्हतं पायजे."

"हो. चुकलं."

धनश्रीने मान हलवली. "शीग परत लोटायची नसती, हे तुला कुणी सांगितलं न्हाई का?"

"न्हाई. तुमा सगळ्यांला कसं ठाव असतंय?"

"मी लहानपणी अशीच लोटली होती. आईनं पाठीत धपाटा घातला. तवापासून ठाव हाय."

"शीग किती लावायची?"

"राहील तेवढी."

"राहील तेवढी, हे माप न्हाई."

धनश्रीने गव्हाची ओंजळ घेतली आणि माझ्यावर हळूहळू सोडत राहिली. ढीग वर चढला, टोकदार झाला आणि एक दाणा माझ्या अंगावरून घरंगळत खाली पडला.

"इथं थांबायचं," ती म्हणाली. "पहिला दाणा पडला, की बस."

"पहिला दाणा." मंजुषा वाकून बघत होती. "भिवरामावशीचा बी?"

"समद्यांचा."

मंजुषाने तसं अकरा वेळा करून पाहिलं. त्या अकराही वेळा तिची नजर माझ्या काठावर नव्हती, शिगेवर होती. माझा काठ पाहणारं एकच माणूस होतं. त्यालाही धनश्रीने शीग बघायला शिकवलं. त्या संध्याकाळइतका हेवा मला कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या गल्ल्यांची मोजणी होती. धनश्रीने मंजुषालाच बसवलं आणि शेजारी उभी राहिली. भिवराबाईंचं काम संपलेलं होतं, तरी त्या बघायला आल्या. मंजुषा दाणा पडेपर्यंत ओतायची, मग "बस" म्हणायची. एका मोठ्या घरच्या बाईंनी दिमाखात आणखी एक ओंजळ वर टाकली. ते सगळे गहू जमिनीवर सांडले.

"आधीच पडलाय दाणा," मंजुषा म्हणाली. "आता कितीबी टाका, थांबत न्हाई."

रांग पुन्हा हसली. या वेळी मात्र हिला कुणी बसवलं, असं कुणी विचारलं नाही. भिवराबाई खाली बसून सांडलेले गहू वेचत म्हणाल्या, "ह्या पोरीच्या हातची शीग समद्यांला सारकीच हाय की." त्यांचं दार अजूनही पूर्ण उघडं नसतं. पण त्या तसं म्हणाल्या, हे मी ऐकलं आहे.

काल्याच्या दिवशी मंजुषा धनश्रीबरोबर पंगतीला गेली. भोंगा सुरू झाल्यावर ती उठून परत आली, पण जेवून आली. आजवर ती कुठल्याच पंगतीला बसली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादी मंजुषा असेल. ती चुकली, तर हसण्याआधी तिला तो नियम कुणी सांगितला आहे का, ते विचारा. नसेल, तर तुम्ही सांगा, नेमका सांगा, तिला धरता येईल असा. आणि तिच्या हातातलं काही ओढून घेतलंच, तर उंबऱ्याशी जाऊन बसायला लाजू नका.

धनश्रीचा हेवा मला आजही वाटतो. पण त्या संध्याकाळी ती आली नसती, तर काय झालं असतं हे मी पुरतं जाणते. मंजुषा कायमची माझी झाली असती आणि गिरणीमागच्या त्या खोलीतून कधी बाहेर आली नसती.