बायांची वाट

मी एक जुनी वाट आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण माझ्यावरून रोज चालता. मालवणच्या एसटी स्टँडखालून, मासळीबाजाराखालून, नव्या लॉजच्या खोल्यांखालून मी जाते आणि पुढे समुद्राला मिळते. कुठल्याही नकाशात मी नाही. रस्ते खणणाऱ्यांना कधीतरी माझा एखादा पोकळ भाग लागतो. ते त्यात दोन टोपल्या खडी टाकतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, मला कोणी बांधलं नाही. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणींनी, म्हणजे साती आसरांनी, मला चालून चालून तयार केलं. इथली माणसं त्यांचं नाव घेत नाहीत, नुसतं ‘बायो’ म्हणतात. त्या राहतात गोड्या पाण्यात आणि न्हायला जातात खाऱ्या पाण्यात. त्यांच्या जाण्यायेण्याने खालचा जांभा दगड झिजत गेला आणि मी झाले. आमच्याकडे जांभा बाहेरून खरखरीत दिसतो, पण पाण्यापुढे त्याचं फार काळ चालत नाही.

शहरातली प्रत्येक जुनी विहीर हे माझं दार आहे. दारातून कळशी आत येते, चिमणीचं पिल्लू येतं, आणि कधी माणूसही येतं. आलेल्या माणसाला बाया काही करत नाहीत. त्या त्याला मध्ये घेऊन चालू लागतात. त्याला थंड वाटतं, बरं वाटतं, आणि हळूहळू घर आठवेनासं होतं. पण घरचं कोणी विहिरीच्या काठाशी येऊन हाक मारत राहिलं, तर ते माणूस वळतं. ज्या दाराने आलं त्याच दाराने त्याला वर जाता येतं. मात्र घराने ज्याला एकदा अग्नी दिला, त्याला पाणी परत करत नाही. हा नियम बायांचा आहे. मी फक्त वाट आहे. मी एक पोकळी आहे, आणि पोकळीला दया येत नाही.

पूर्वी एका गाडीवानाने आपल्या बायकोला असं हाका मारून परत नेलं होतं. ती म्हातारी होऊन मेली, फक्त पुन्हा कधी मीठ खाल्लं नाही. दुसऱ्या एका सुनेला तिच्या सासूने एकदाच हाक मारली आणि चुलीवर भात आहे म्हणून ती आत गेली. ती सून अजून माझ्यात आहे.

त्या काळी माझा मान होता. विहीर खणायच्या आधी गाऱ्हाणं घालत, म्हणजे बायांना विनवणी करत. काठावर मोठ्याने बोलत नसत. वर्षातून एकदा बायांची ओटी भरत: खण, हिरव्या बांगड्या, तांदूळ आणि नारळ. पुढे नळ आले. विहिरींत आधी कचरा पडला, मग माती. एका इमारतीचा खांब माझ्या मधोमध उतरला आहे. बाजाराखाली संडासाच्या टाक्या माझ्यात पाझरतात. बाया तिथून जाताना पदर नाकाला लावतात.

ओटी भरणारी शेवटची बाई होती शेवंती. तिचं घर बाजाराच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून लांब, आणि विहीर अंगणात. मुलगा सुदेश याने मागच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. त्याला विहीर बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. यावरून मायलेकांचं रोज वाजायचं, आणि मला ते सगळं ऐकू यायचं.

शेवंती म्हणायची, “तुझ्या पावण्यांका न्हाणयेत फवारो व्हयो, आणि पाणी देतली ती बाय मात्र नको.”

सुदेश म्हणायचा, “आये, तुझ्या बायेक आधार कार्ड तरी आसा काय?”

“तुका तरी खंय पयल्या फेरेक मेळला?”

मग सुदेश हसायचा आणि बुजवणं पुढे ढकललं जायचं. तो वाईट मुलगा नव्हता. हे मी सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल.

ओटीच्या दिवशी सकाळी शेवंती नारळ घेऊन काठावर वाकली. काठाला शेवाळ होतं. तिचा पाय सरकला तो शेजारच्या जुलियाबायने आपल्या अंगणातून पाहिला. जुलिया म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या धावत आल्या, तेव्हा पाण्यावर फक्त नारळ तरंगत होता.

पंप लावून विहीर उपसली. तारकर्लीहून पाणबुडे तरुण आले. तळाशी त्यांना गाळात रुतलेली जुनी कळशी दिसली, एक चप्पल मिळाली, आणि खडकात एक भोक दिसलं, माणसाचे खांदे जातील एवढं. त्या भोकात कोणी शिरलं नाही. वर येऊन त्यांनी सांगितलं की खाली काही नाही. पोलिसांनी पंचनामा केला. भोकातून पाणी परत भरलं.

संध्याकाळच्या गाडीने शेवंतीची मुलगी संचिता वैभववाडीहून आली. ती त्या विहिरीपाशी बसली आणि तिने हाक मारली. “आये. मी इलंय गो. वर ये.”

मित्रांनो, तेव्हा शेवंती पार समुद्राच्या तोंडाशी पोहोचली होती. बाया तिला खारं पाणी दाखवत होत्या. ती हाक माझ्यातून वाहत तिथवर गेली आणि शेवंती थांबली. मग ती वळली. बायांनी तिला अडवलं नाही. त्या कुणालाच अडवत नाहीत.

वाट लांब होती, आणि शेवंतीचे गुडघे आधीपासून दुखरे. तिला सारखा विसर पडायचा. मग ती पाण्यात बसून राहायची, एखादा दगड न्याहाळायची. वरून संचिताची हाक आली की पुन्हा उठायची. खांब आडवा आला तिथे ती कुशीवर होऊन सरपटत पुढे गेली. टाक्यांपाशी घाणीत उतरली. प्रत्येक हाकेला ती ओ देत होती. “इलंय गो, इलंय. आरडा नको. लोक काय म्हणतले?”

पण माझ्यात वरचा आवाज खाली येतो, खालचा वर जात नाही. मी तशीच झालेली आहे.

संचिता रोज बसायची. सकाळी चहाचा पेला घेऊन यायची आणि त्यावर साय धरायची. लॉजमधले पाहुणे खिडकीतून बघायचे. एकाने फोटो काढला तेव्हा सुदेशने त्याला खोली रिकामी करायला सांगितली. नंतर तो बहिणीजवळ येऊन बसला. म्हणाला, “गो, माझी पण ती आवसच.” भटजींना विचारलंय, असंही त्याने सांगितलं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी देतात. पडताना पाहिलेलं असल्यामुळे, बेपत्ता माणसासाठी थांबतात तसं वर्षानुवर्षं थांबायची गरज नाही. आई अशी अधांतरी राहू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. संचिता नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाली. ती नाही म्हणत होती तोवर शेवंती चालत होती.

तिसऱ्यांदा विचारायला सुदेश आला नाही. जुलियाबाय आल्या. त्यांनी पेजेचा वाडगा आणला होता. तो त्यांनी संचिताला संपवायला लावला. मग शेजारी काठावर टेकल्या.

“चेडवा, एक सांगतंय. माझो घो दर्यार गेलो तो परत येवक नाय. पाद्री म्हणा होतो, मीस करूया, तेच्या नावान प्रार्थना करूया. मी नको म्हटलंय. तेचा ताट रोज वाढून ठेवलंय. पोरां मोठी झाली, माझे केस पिकले. एक दीस पण मी सुखान जेवक नाय. तू असा करू नको. आवशीक जांवदे.”

संचिताने विचारलं, “आणि ती खालसून ओ देत आसात, माकाच आयकाक येणा नसात तर?”

जुलियाबायने तिच्या पाठीवर हात ठेवला. “ओ देणारो माणूस वर येता गो.”

जुलियाचा नवरा माझ्यात नाही. त्याला समुद्राने नेलं, आणि समुद्राला दार नसतं. तिने वाट पाहिली ती खरोखरच फुकट गेली होती. तिने जे सांगितलं ते पुरेपूर भोगून सांगितलं, आणि मायेने सांगितलं. म्हणून संचिताला ते पटलं.

किनाऱ्यालगतच्या स्मशानात त्यांनी पळसाच्या पानांचा देह केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, तो ठेवला. अंगावर घालायला संचिताने दोरीवर वाळत राहिलेलं आईचं पातळ दिलं. ते घरी कोणी काढलंच नव्हतं.

त्या सकाळी विहिरीपाशी कोणी नव्हतं. हाक आली नाही, तरी शेवंती थांबली नाही, कारण आता तिला ओळखीचं दिसत होतं. आपल्याच विहिरीचा तळ, आपल्याच हातून पडलेली जुनी कळशी. तिने वर पाहिलं. गोल आभाळ होतं आणि काठावर विसरलेला चहाचा पेला होता. विहीर साफ करणाऱ्यांसाठी भिंतीत पाय ठेवायच्या खोबणी आहेत. तिने पहिल्या खोबणीत पाय ठेवला, दुसरीत हात घातला, आणि पाण्याबाहेर छातीपर्यंत आली. तोंडाने पुटपुटत होती, “चाय निवली गो तुझी.”

तेवढ्यात तिकडे सुदेशने अग्नी दिला.

तिचा हात सैल झाला. तिला दुखलं नाही. ती पाण्यात उतरली, एखादी वस्तू आठवत नसल्यासारखी थोडा वेळ उभी राहिली, आणि मग तिने बायांना विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला आहे. बायांनी तिला दाखवलं.

सुदेशने विहीर बुजवली नाही. गाड्या बाहेर रस्त्यावर लागतात. “आयेन बुजव नको म्हटल्यान, मी बुजवचंय नाय,” असं तो सगळ्यांना सांगतो. त्याने काठ सिमेंटने बांधून घेतला आणि वर लोखंडी जाळी बसवली, पुन्हा कुणाचा पाय सरकू नये म्हणून. जाळी चांगली आहे. तिला तो दरवर्षी रंग देतो.

आता मी थकत चालले आहे. माझी दारं एकेक करून बंद होत आहेत, आणि कुठे कुठे माझं छप्पर खचलं आहे. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. विहिरीत कचरा टाकू नका. काठावर वाकू नका. जाळ्या जरूर बसवा. पण कुणी आपल्या माणसाला हाक मारत बसलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन पुरे म्हणू नका. तुम्ही कितीही शहाणे असा, खाली कोण कुठवर आलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

संचिता अजून ओटीच्या दिवशी येते. हाक मारत नाही. जाळीतून तांदूळ सोडते, खणाची घडी बारीक करून सरकवते, बांगड्या एकेक करून टाकते. त्या जुन्या सुनेला धरून खाली आता नऊ बाया आहेत. नववी त्या बांगड्या हातात चढवते आणि कुणी दिल्या ते विचारत नाही. नारळ तेवढा जाळीतून जात नाही. तो दोन गजांमध्ये ठेवून संचिता उठते आणि गाडी पकडायला जाते.