जुन्या ठाण्याचा उंबरा

मी उंबरा बोलतोय. देवळाचा नव्हे, कुणा सावकाराच्या माडीचाही नव्हे. सावित्रीकाठच्या आमच्या पेठेत जे जुनं पोलीस ठाणं होतं, त्याच्या दाराचा. आता ते ठाणं नाही, दारही नाही. मी मात्र आहे. दगडाला लवकर मरण येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

आंबेनळीच्या डोंगराखालच्या खाणीतून पाथरवटांनी मला काढला, तेव्हा राज्य गोऱ्यांचं होतं. मी काळा, लांबरुंद आणि अंगानं भारी. बैलगाडीतून पेठेत येताना दोनदा गाडीचा आस मोडला आणि गाडीवानानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मिस्त्रीनं मला दारात बसवला आणि चुना भरता भरता म्हणाला, "आता तुला कोन हलवतो रे?" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

माणूस कसा आहे ते त्याच्या चेहऱ्यावरून म्हणे कळतं. मला ते पावलांवरून कळायचं. शिपायाचा बूट माझ्यावर ठण्णकन पडायचा. चोर मला अडखळायचा. पेठेतले व्यापारी मला ओलांडून थेट आत जायचे आणि खुर्ची मागायचे. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं मात्र वहाणा बाहेर काढायची, वाकून मला हात लावायची, तो हात कपाळाला न्यायची आणि मगच आत यायची. भक्ती होती की भीती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बायका तर बाजाराच्या दिवशी जाता जाता मला हळदीचं बोट लावून जात. भागोजी शिपाई चिडायचा. "अगो, ही सरकारी जागा हाय, म्हसोबा नाय!" पण पुसून मात्र कधी टाकली नाही त्यानं.

मला असं मानायची सवय लावली महिपती जमादारानं. मोठा हिकमती माणूस. बांधावरून, पाण्यावरून, गुरं शेतात शिरली म्हणून भांडत आलेल्या माणसांना कोर्टाची पायरी चढवायला त्याचं मन घेत नसे. तो दोघांनाही बाहेर बसवायचा, राग निवेपर्यंत पाणीसुद्धा विचारायचा नाही. मग माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायचा, दोघांचे तळवे ओल्या दगडावर ठेवायला लावायचा आणि शब्द वदवून घ्यायचा. "हा उंबरा इथं आहे तोवर..." अशी त्याची सुरुवात ठरलेली असे. तो शब्द माणसं पाळायची. कोर्टाचा निकाल मोडतील, पण उंबऱ्याचा शब्द मोडायचे नाहीत. जमादाराला वाटायचं, सरकारी दगड आहे, चंद्रसूर्य असेपर्यंत राहील. इतका हुशार माणूस, पण एवढ्या एका ठिकाणी चुकला.

स्वराज्य आलं, त्यानंतरच्याच एका उन्हाळ्यात सयाजी आणि मालोजी हे दोन सख्खे भाऊ आले. पोलादपुराच्या वर एका वाडीत त्यांची शेजारी शेजारी भातखाचरं. थोरला सयाजी दर साली बांध घालताना तो जरासा धाकट्याच्या अंगाला सरकवायचा. मालोजी बोलायला कमी. बरीच सालं त्यानं सोसलं आणि एक दिवस कोयता काढला. सयाजीच्या खांद्याला जखम झाली, मालोजीचं डोकं फुटलं. मालोजीची बायको राहीबाई त्यांच्यामागून धावत आली होती. ती पोटुशी होती. माझ्या शेजारी ती बसली तेव्हा तिला इतकं कापरं भरलं होतं की मला ते अंगात जाणवत होतं.

जमादार बांध बघायला गेला नाही. त्याला रक्त थांबवायचं होतं. बांध आहे तिथं राहील, कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. म्हणजे सयाजीनं ढापलेली पट्टी सयाजीकडेच राहिली. मालोजीनं माझ्यावर तळवा दाबून धरला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो उंबरा हितं हाय तवर बांधाला हात लावनार नाय. पुढलं मी बोलत नाय."

त्या पुढल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. राहीबाईनं दिलं. तेव्हापासून ती दर बाजाराला मला हळद लावायची आणि पुटपुटायची, "बस बाबा, हितंच बस." मुलगा झाला तेव्हा त्याला घेऊन आली आणि त्याचं डोकं माझ्यावर टेकवलं. मला दगडाला काय लळा लागणार! पण तिची वाट मी बघायचो, हे खोटं कशाला सांगू.

ठाणं म्हातारं होत गेलं. नदीला पूर आला की पाणी कोठडीत शिरायचं आणि कैद्यांना आधी माळ्यावर चढवावं लागायचं. आढ्याला वाळवी लागली. कौलं दर पावसात फुटायची. महिपती जमादार पेन्शनीत गेला आणि पुढं देवाघरी गेला. नवं महाराष्ट्र राज्य झालं, हमरस्त्यावर मोटारी वाढल्या, आणि ठरलं की पेठेतलं हे खुराडं पाडायचं व हमरस्त्याजवळ उंचावर नवं ठाणं बांधायचं. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. पहिला मजला, सिमेंटचा स्लॅब, विजेचे दिवे. शिपाई तर दिवस मोजत होते. मीच एकटा कुढत होतो, आणि दुसरी राहीबाई.

तिला बाजारात कुणकुण लागली, तेव्हापासून तिनं मालोजीला पेठेत येऊच दिलं नाही. "बाईमानसाला भाव बरा मिळतो," म्हणायची आणि नाचणीची ओझी स्वतःच्या डोक्यावर घेऊन उतरायची. येताना घामानं चिंब, तरी आधी माझ्यापाशी यायची. मी आहे एवढं बघायची आणि मग बाजारात जायची.

सामान हलू लागलं तेव्हा तिनं धीर केला आणि नव्या फौजदाराला गाठलं. शिकलेला, कोवळा, मनानं चांगला माणूस. "सायेब, घर पाडा, दार पाडा. येवढा दगुड तेवढा ऱ्हाऊ द्या."

"का हो बाई?"

तिनं सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "ही जागा आता दुसऱ्या खात्याकडे चालली. इथं दगड ठेवणं माझ्या हातात नाही. पण मी तो नव्या ठाण्यात नेऊन बसवतो. मग तर झालं?"

राहीबाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ती साहेबाच्या पाया पडली, माझ्या पाया पडली, भागोजीच्याही पडायला निघाली. इतकी सालं उरावर होतं ते ओझं उतरलं, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. आम्ही दोघंही खुळे.

चार गड्यांनी पहारी घालून मला उपटला. मिस्त्रीचा चुना इतका धरून बसला होता की माझा एक कोपरा तिथंच तुटून राहिला. ठाण्याच्या भिंतीला टेकून मी गाडीची वाट बघत पडलो होतो, तेव्हा मालोजी आला. केस पांढरे झाले होते, पण मी त्याला ओळखला. तो माझ्याकडे आला नाही. दारात जिथं मी होतो त्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला. खड्ड्यात हात घालून त्यानं खालची माती चाचपली, मूठभर वर काढली आणि परत टाकली. मग उठला आणि कुणाशी काही न बोलता पोलादपुराच्या वाटेला लागला.

ओरडावंसं वाटलं मला. दगडाला तोंड नसतं, हे तेव्हा फार लागलं.

नव्या ठाण्यात माझं काही जमलं नाही. तिथं लोखंडी चौकट, गुळगुळीत फरशी; उंबऱ्याला जागाच ठेवली नव्हती. मिस्त्री म्हणाला, बसवायचा तर फरशी फोडावी लागेल. फौजदार ओशाळला, आणि मला मागच्या नळाखाली टाकला. शिपाई माझ्यावर कपडे आपटू लागले.

तिथंच एका सकाळी मालोजी आला. पुढच्या दारानं गेला असावा. पण वहाणा काढून हात कशाला लावायचा ते त्याला कळलं नसेल. फिरत फिरत मागं आला. भागोजी तोंड धूत होता. मालोजीच्या हातात फावडं होतं आणि फावड्याला नुसती माती नव्हती. त्यानं ते खाली ठेवलं आणि माझ्यावर तळवा टेकवला. हात सुकलेल्या रक्तानं राठ झाला होता.

"बांध जागेवर नेत व्हतो. दादा आडवा आला," तो म्हणाला. "मी शबुद मोडला नाय. उंबरा व्हता तवर हात नाय लावला." आणि तो भागोजीकडे असा बघत राहिला, जणू भागोजीनं 'बरोबर' म्हणावं. भागोजीच्या हातातला तांब्या खाली पडला.

मालोजीला कोठडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी जबानीसाठी दोघी जावा आल्या. सयाजीची बायको बयाबाई, कपाळ पांढरं फटक, आणि राहीबाई. नव्या ठाण्यात बसायला बाकं होती, पण त्यांना तिथं बसवेना. मागं येऊन दोघी माझ्याच दोन टोकांना बसल्या, एकमेकींकडे पाठ करून. राहीबाईनं या वेळी मला हात लावला नाही.

आधी राहीबाईच बोलली. "मीच सांगितलं गो आक्का. सायेबानं शबुद दिला म्हनून हरखून घरी सांगत गेले, उंबरा नव्या ठान्यात नेतात. तर ह्यांनी येवढंच इचारलं, म्हंजे उखडला?"

बयाबाईनं पदरानं तोंड पुसलं, परत पुसलं. मग म्हणाली, "भाकर खातो का गो त्यो?"

राहीबाईनं मान हलवली. नाही.

बयाबाईनं आपलं फडकं सोडलं. त्यातली अर्धी भाकर मोडली आणि न बघता मागं सरकवली. "दे त्याला. मी दिली म्हनू नको."

भाकर आत गेली आणि तशीच परत आली. भागोजीनं ती माझ्यावर आणून ठेवली. दोघींपैकी एकीनंही ती उचलली नाही. संध्याकाळी कावळ्यांनी नेली.

आता मी इथंच असतो, शेवाळ धरलेला. कधी कधी डोंगरातली एखादी म्हातारी मला शोधत मागं येते, भांडणाऱ्या लेकांचे हात धरून माझ्यावर ठेवू बघते. बाई, तुझ्या पाया पडतो, ठेवू नको. माझ्यावर कपडे आपटा, कोयत्यांना धार लावा, काय हवं ते करा. तुमचा शब्द तेवढा माझ्या भरवशावर सोडून जाऊ नका. चार गडी आणि दोन पहारी, एवढ्यात मला हलवता येतं.