वीतभर जास्त

शवपेट्या करणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एखादी करून ठेवायला हवी होती, असं लोक म्हणाले. पण बाबांना कधी उसंतच मिळाली नाही. गिऱ्हाइकांना थांबवायची सोय नसलेला धंदा तो. तेव्हा त्यांची पेटी करायचं काम मुलीवर आलं.

दुकानाचा नियम एकच होता: टेप लावल्याशिवाय करवत उचलायची नाही. मुलीने हात पुढे केला, पण बाबांच्या अंगाला टेप लावायचं काही तिला जमेना. "बाबांचं माप मला ठाऊक नाही तर कुणाला?" असं म्हणून तिने अंदाजाने पेटी केली. अंदाज तिच्या लहानपणचा होता. तेव्हा बाबा छताला टेकत.

पेटी वीतभर लांब झाली. चर्चच्या पायऱ्या उतरताना बाबा आतल्या आत सरकले आणि 'धप्' असा आवाज आला. आत्या तोंडाला पदर लावून पुटपुटली, "अगं, माझा भाऊ बुटका होता, माझ्याहूनही!" पेटी खड्ड्यात मावेना. कबरी खोदणारे फावडेमामा पुन्हा आत उतरले, आणि ते वर येईपर्यंत पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाचा उतारा दोनदा वाचला. बाबांचा त्यातल्या शब्दन्शब्दावर विश्वास होता. मुलगी मात्र कॉलेजात गेल्यापासून चर्चला जायची बंद झाली होती. मेलेला माणूस मेला, असं तिचं साधं म्हणणं. बाबांच्या बाबतीत तेच तिला म्हणवेना. ते पुन्हा भेटतील म्हणावं, तर लहान मुलीसारखं वाटे. भेटणार नाहीत म्हणावं, तर सकाळी दुकानाचं दार उघडवत नसे.

आणि एक भलतंच खूळ लागलं. पुढच्या गिऱ्हाइकाला तिने नीट टेप लावला, खूण केली, आणि करवत खुणेच्या पलीकडे वीतभर टेकवली. त्याच्या पुढच्यालाही तसंच. लाकूड वाया जात होतं, ती स्वतःला मूर्ख म्हणत होती, आणि पेट्या लांबच होत होत्या. तक्रार कोण करणार? आत झोपणारे त्यातले नव्हते.

तक्रार घेऊन आले ते फावडेमामा. भर दुपारी, मातीच्या बुटांसकट.

"पोरी, माझी कंबर गेली! तुझ्या बापाची पेटी कशी मोजून मापून असायची. तू कुणासाठी जागा सोडतेस? मेल्यावर माणसं वाढतात का?"

'चुकलं' म्हणायचं तिने ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"उठताना अडचण नको, मामा."

बोलून ती स्वतःच दचकली. मामा स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझी बायको तुझ्या बापाच्या पेटीत आहे," ते म्हणाले. "अगदी मापात. खांद्याला फळी लागत होती. मीच झाकण लावलं. तिचं कसं व्हायचं गं?"

म्हातारा थट्टा करतोय का, म्हणून तिने पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. चर्चमध्ये कायम मागच्या बाकावर डुलक्या काढणारा हा माणूस आता डोळे टक्क उघडून उत्तराची वाट बघत होता. आता खोटं बोलून चालणार नव्हतं.

"काही होणार नाही," ती हळूच म्हणाली. "येशूच्या कबरीवरचा एवढा मोठा धोंडा ज्याने सरकवला, त्याला आपल्या फळीचं काय? तो हात धरून उठवेल, मामा. तुमच्या बायकोला. बाबांनाही."

"नक्की?"

"नक्की."

मामांनी नाक पुसलं, टोपी घातली, आणि लगेच आवाज चढवला. "मग पेट्या मापात कर की! त्याला जागा लागत नाही म्हणतेस आणि खड्डे माझ्याकडून खणून घेतेस!"

इतक्या दिवसांत पाळकसाहेबांना आणि आत्याला तिच्या तोंडून जे वदवता आलं नाही, ते एका दुखऱ्या कंबरेने वदवलं होतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता एकदम रडू कोसळलं. बाबा गेल्यापासूनचं पहिलं.

मामांनी समजूत काढली नाही. त्यांना ते येत नव्हतं. बाकावर नव्या पेटीच्या बाजूच्या फळ्या पडल्या होत्या, त्यातल्या एकीचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. "काप. माझ्यासमोर काप. तुझा भरवसा नाही."

तिने बाहीने डोळे पुसले, खुणेवर करवत ठेवली.

"रविवारी येणार ना?" करवतीच्या आवाजावर आवाज चढवत मामांनी विचारलं.

"येईन."

"मग लवकर ये. तुझी आत्या अख्खा बाक अडवून बसते."

"आणि तुम्ही झोपता तो?"

"तो माझा आहे," मामा म्हणाले. "नीट बघ, वाकडी चाललीय."