होडी पोलादपूरला जाते

“वर! अजून वर! नाळ उचला, नाळ!”

गोमाजीनं असं ओरडताच आठ माणसांनी पुढचं टोक वर करत बांबूंसकट होडी उचलली आणि मुरारीच्या मेटॅडोरच्या हौद्यात ढकलली. होडी शिरली, पण सगळी काही शिरली नाही. शेपटाकडचे तीन हात बाहेर राहिले. मुरारीनं मागचा फाळका खाली सोडला, होडीच्या बुडाखाली दोन पोती सरकवली आणि हात झटकत म्हणाला, “तिला लाल फडकं बांधा. नाय तर मागचा ट्रकवाला सरळ येऊन बसंल आत.”

गोमाजीनं डोक्याचा लाल रुमाल सोडला आणि होडीच्या शेपटाला बांधला. उघड्या टकलावर त्यानं एकदा हात फिरवला, आणि कुणी काही म्हणायच्या आत साठी ओलांडलेला तो म्हातारा फाळक्यावर पाय देऊन होडीत चढला, मागच्या टोकाला आपल्या जागी जाऊन बसला.

“बाबा, पुढे केबिनमध्ये बसा,” श्रीपत गुरुजी खालून म्हणाला.

“होडी चाललीय नि होडीवाला बाजूला? असं कुठं ऐकलंयस गुरुजी?”

तेहेतीस वर्षं गोमाजीनं महाडच्या खालच्या अंगाला सावित्री नदीवर तर, म्हणजे या काठाहून त्या काठाला होडीची फेरी, चालवली होती. माणसं, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गुडघे शेकायला निघालेले म्हातारे, सगळी याच होडीतून पलीकडं गेली. मग पूल झाला आणि एका पावसाळ्यात ही तर बंद पडली. गोमाजीनं होडी काठावर ओढून घेतली, तिच्यावर पेंढ्याचं छप्पर घातलं, दर दिवाळीला तेल पाजलं आणि दोन वर्षं तिला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. लेकीला सासरी पाठवायचं नाही म्हणून घरात कोंडून ठेवावं, तसा प्रकार. श्रीपत मागायला आला तेव्हा त्यानं किंमत सांगितली नाही. अट मात्र घातली. होडी मी पोचवणार आणि पाण्यातही मीच घालणार.

श्रीपत दोराची शेवटची गाठ आवळत होता, पण त्याचं चित्त दोरात नव्हतं. पोलादपूरच्या वर, नदीच्या अलीकडं त्याची वाडी, शाळा पलीकडं. आषाढात नदी फुगली की वाडीतली बावीस पोरं दिवाळीपर्यंत घरी बसत. श्रीपत स्वतः त्याच शाळेत मास्तर. तो लांबच्या पुलावरून वळसा घालून शाळेत जाई आणि रिकाम्या बाकांना शिकवी. वाडीनं एकमतानं होडी आणायची ठरवली होती. एकमत, म्हणजे एक सोडून. त्याची आई, येसूबाई, होडी कुणाची आहे हे कळल्यावर एवढंच म्हणाली होती, “आन तू. वाडीला लागतंय तर आन. पन मी त्या होडीत पाय ठेवायची नाय.”

का, ते तिनं सांगितलं नाही. आणि येसूबाई बसली नाही तर वाडीतली एकही बाई बसणार नव्हती. आया बसल्या नाहीत तर पोरांना कोण बसू देणार? होडी नदीच्या काठी कुजणार आणि पोरं शेळ्या राखणार, हे श्रीपतला दिसत होतं. तरी त्यानं बुद्धपौर्णिमेचा मुहूर्त सगळ्यांना सांगून टाकला होता. तोही त्याच हट्टी आईचा मुलगा.

मेटॅडोर हमरस्त्याला लागली. श्रीपत होडीत गोमाजीसमोर बसला होता. मे महिन्याचं ऊन, दोन्ही बाजूंना वाळलेले माळ, आणि मधून एक होडी डांबरावरून चाललेली. रस्त्याकडेला उभी असलेली माणसं हसत होती, बायका तोंडाला पदर लावून. समोरून कशेडी घाट उतरून आलेल्या एका ट्रकवाल्यानं मुंडी बाहेर काढून विचारलं, “काय रे, घाटात पूर आला काय?”

“येनार हाय!” गोमाजी ओरडला. “तुला जागा ठेवू काय?”

तो भलताच खुलला होता. जन्मात पहिल्यांदा त्याची होडी इतक्या वेगानं चालली होती. वळण आलं की त्याचा हात आपोआप वल्ह्याकडं जाई आणि हवेतच थांबे. आंब्याची एक फांदी खाली आली तेव्हा “वाका!” म्हणून त्यानं असा आवाज दिला, की जणू होडीत वीस माणसं आहेत.

“तू बसलायस ना, गुरुजी, तिथं धोंडूशेटची थोरली बसली व्हती. नवरी. काठ सुटला नि जी रडाय लागली ती मधल्या धारंपर्यंत. मी म्हटलं, बाय, अर्धी नदी झाली, आता अर्धं रडं सासरच्यांसाठी ठेव. हसली. अजून भेटली की म्हनते, गोमाजीमामा, तू हसवलंस म्हनून मी गेले.”

श्रीपत हसला.

“आन एक रेडा व्हता. मधी धारंत उभा ऱ्हायला होडीत. सगळी होडी एका अंगाला. मी रेड्याशी बोलत बोलत नेली होडी. माझ्या होडीत मानूस बुडला नाय कवा. येक सुदीक.” त्यानं कडेच्या लाकडावर तळवा ठेवला. “आन कुनाला नाय म्हटलं नाय. रात झाली, पाऊस झाला, पल्याडून हाक आली की मी उठलो. सगळी तोंडं ध्यानात हायत माझ्या.”

श्रीपतनं विचारावं की विचारू नये असं करत अखेर विचारलं, “बाबा, माझी आई कधी आली होती तुमच्या होडीत? तिचं माहेर तुमच्या पलीकडचं.”

गोमाजीनं डोळे बारीक केले.

“आली आसंल,” तो म्हणाला. “सगळीच येत.”

पोलादपूर मागं पडलं, मुरारीनं गाडी कच्च्या वाटेला घातली आणि शेवटचा अर्धा मैल वाडीची माणसं दोन्ही अंगांनी होडीला हात लावून चालली. मुरारी शिव्या देत होता, पण हॉर्न मात्र लग्नासारखा वाजवत होता.

नदी पाहून गोमाजी खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मैलभर नुसते दगड, आणि मध्ये वाडीखालचा तेवढा एक लांब हिरवा डोह.

“ह्यात चालवायची?”

“जुलैत या,” श्रीपत म्हणाला. “तुम्ही उभे आहात तिथं डोक्यावरून पाणी असतं. पण इथं पात्र पसरतं, ओढ कमी. या झाडापासून त्या झाडापर्यंत दोर बांधणार आहोत.”

गोमाजीनं पाण्याचा उतार पाहिला, दोन्ही झाडं पाहिली, वाकून एक काटकी पाण्यात सोडली आणि तिच्याकडं बघत राहिला. मग मान डोलावली. “दोर जाड घ्या. चालंल.”

एवढं झाल्यावर त्यानं पिशवीतून नारळ काढला. श्रीपत जरा अडखळला.

“बाबा, आमच्यात आता नारळ वाढवत नाहीत.”

“आन मग होडी पान्यात कशी घालता?”

“बुद्धवंदना घेऊन.”

गोमाजीला हे नवीन होतं. नारळ त्यानं या हातातून त्या हातात घेतला, तिथल्या पोरांकडं पाहिलं आणि जवळच्या एकीच्या हातात देऊन टाकला. “खा मग. वाया कशाला घालवायचा?”

वंदना झाली. गोमाजीला शब्द येत नव्हते, पण तो हात जोडून उभा राहिला. मग उतारावर केळीचे खुंट आडवे टाकले आणि त्यांच्यावरून होडी सोडली. ओल्या खुंटांवरून ती सपकन गेली, डोहात शिरली, डुलली. पोरांनी एकच गलका केला. तो गलका विरायच्या आत फळ्यांच्या जोडांतून पाणी आत यायला लागलं. आधी रेघांसारखं, मग ओघळांसारखं.

“गळतीय!” कुणीतरी ओरडलं.

“नारळ फोडला असता तर…” मुरारी पुटपुटला.

“नारळाचा काय संबंध?” गोमाजी त्याच्यावर उखडला. “लाकूड सुकलंय. मीच सुकवलंय. दोन वर्सं कोरड्यात ठेवली, फळ्या आकसल्या. चार दिस पान्यात ऱ्हायली की फुगतील नि जोड मिटतील. मग थेंब येनार नाय.” त्याचा चेहरा पडला होता. इतक्या माणसांसमोर आपल्या होडीची ही शोभा त्याला बघवेना. तो धोतर खोचून आत चढला, टोकाशी पडलेला पत्र्याचा डबा उचलला आणि भराभर पाणी उपसायला लागला. डब्यातलं पाणी कडेवर आपटत होतं, फळीवर सांडत होतं.

श्रीपतनं आईकडं पाहिलं. येसूबाई बायांच्या पुढं उभी होती. ती खाली आली. गुडघाभर पाण्यात शिरली. होडीला मात्र तिनं हात लावला नाही.

“डबा खाली ठेव,” ती म्हणाली.

गोमाजी थांबला.

“ह्या पोराला गोवर निघाला व्हता,” तिनं श्रीपतकडं बोट केलं. “म्हायेरास्नं महाडला डाक्टरकडं आनला. तू आनलंस. नाय म्हटलं नाय, खोटं कशाला बोलू? सगळी उतरल्यावर परत आलास नि मला येकटीला घेऊन गेलास. शेवटच्या फळीवर बसवलंस. मी मनात म्हटलं, भला मानूस हाय. उतरले, दरड चढले. तुला हात जोडावं म्हनून मागं वळले.” तिनं डब्याकडं पाहिलं. “तर तू ह्याच डब्यानं पानी मारून फळी धूत व्हतास. मी बसले व्हते ती.”

श्रीपतला तो दिवस आठवणं शक्य नव्हतं. दोन वर्षांचा असेल तेव्हा. पण आईनं तीस वर्षं ही गोष्ट कुठं ठेवली होती?

गोमाजी होडीत वाकलेलाच उभा होता. नवरी त्याला आठवत होती, रेडा आठवत होता. तो येसूबाईच्या तोंडाकडं बघत राहिला, पुन्हा पुन्हा, काहीतरी सापडेल म्हणून.

“मला नाय आठवत, बाय,” तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. “लय येळा धुतली आसंल. कुनाकुनाच्या मागं, ते… मोजलं नाय कवा.”

त्यानं डबा पाण्यात सोडून दिला. डबा उपडा झाला आणि बुडाला. होडीत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

“आता नाय उपसत,” तो म्हणाला. “बुडंल तर बुडू दे.”

“बुडू दे कसली? चार दिस भिजाय पायजे म्हनालास ना?” येसूबाई म्हणाली.

“व्हय.”

“मग भिजू दे.”

गोमाजीनं सवयीनं हात पुढं केला, पण अर्ध्यावरच थांबवला. तो हात धरायचा की नाही हे आता तिनं ठरवायचं होतं. येसूबाईनं तो धरला नाही. कडेवर स्वतःचा हात टेकून ती आत चढली, लुगडं सावरलं आणि मधल्या फळीवर बसली. शेवटच्या नव्हे.

“माफी-बिफी द्याय मी आले नाय,” ती म्हणाली. “पोरांना शाळंत जायचंय.”

“व्हय,” गोमाजी म्हणाला आणि काय करावं ते न सुचून तिच्या समोरच्या फळीवर बसला. होडी हळूहळू खाली जात गुडघाभर पाण्यातल्या वाळूवर टेकली. पाणी फळीवर आलं, त्याचं धोतर भिजलं, तिचं लुगडं भिजलं, तरी दोघंही उठली नाहीत.

काठावरच्या बायांत कुजबुज झाली. मग त्यांतल्या रंगूबाईनं पदर खोचला, कडेवरचं पोर सावरलं आणि पाण्यातून चालत होडीपाशी आली. फळीवर गोमाजी मधोमध बसला होता.

“सरका की वाईच, बाबा,” ती म्हणाली.

गोमाजी सरकला.