आत्या कुणाच्या आकड्यात?

"बाबा, कोलेटआत्याला कुठल्या देशाच्या आकड्यात धरलंय?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या ब्रेनाने लावली होती. शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही कॅनडा आणि अमेरिकेतले करोनाचे रुग्ण आणि मृत्यू लाखामागे किती, ते आलेखात मांडत होतो. आमचा कॅनडाचा स्तंभ बुटका, त्यांचा उंच, म्हणून आम्ही भलत्याच खूश! तेवढ्यात ब्रेना म्हणाली, "मग तुझी आत्या कुणाची गं? विचार घरी, हिंमत असेल तर." हिंमत? हल्ली माझ्याकडे ती ढीगभर आहे.

आत्या राहायची आमच्याकडेच, विंडसरला. नर्स होती, रोज नदीपलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटला कामाला जायची.

बाबांनी काटा खाली ठेवला.

"जेवताना कशाला हे, डेल्फीन?" आई म्हणाली.

"विचारू दे तिला. तिकडच्याच आकड्यात असेल," बाबा म्हणाले. "मी रोज टीव्हीवर दोन्हीकडचे आकडे बघायचो. तिकडचे चढले, तेव्हा मीच तिला म्हटलं, घरात आपली म्हातारी आई आहे, तू तिकडेच खोली घे. लगेच हो म्हणाली बिचारी. तिकडेच करोनाने गेली, तिथेच पुरलं."

"मग सरहद्द उघडल्यावर तुम्ही गेला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

पैज मी जिंकले होते, पण मला अजिबात मजा वाटेना. आमचा तो बुटका स्तंभही नकोसा झाला.

"आई, बाबा, ऐका," मी म्हटलं. "शनिवारी मी आत्याच्या थडग्यावर जाणार आहे. तुम्ही गाडी काढली तर बरं, नाहीतर मी बसने जाईन."