पॅसेंजरची डबल बेल

"अहो, माझी चप्पल तरंगतेय!"

ताईचा हा आवाज गल्लीच्या टोकाला सलूनमध्ये बसलेल्या मला ऐकू आला, म्हणजे बघा. अर्ध्या दाढीनिशी धावत सुटलो. पाहतो तर पुढच्या खोलीत तळं, तळ्यात ताईची चप्पल आणि तळ्याच्या काठावर तळ्याचे मालक बसलेले. कान लोंबलेले, पंजे बशीएवढे आणि चेहरा असा, की नळ फुटलेला दिसतोय, कुणीतरी प्लंबरला बोलवा.

ही गोष्ट सांगायला लागलो की माझी बायको म्हणते, "तरंगत नव्हती, नुसती भिजली होती." तिच्या हिशेबानं चालायचं म्हटलं तर मला तोंडच उघडता यायचं नाही. तुम्ही आपली तरंगत होती असंच धरून चाला.

ताईचा नवरा म्हणजे माझा कंडक्टर. मी ड्रायव्हर. एकाच बसवर आम्ही दोघांनी उभी नोकरी काढली. तो आधी माझा कंडक्टर झाला आणि मागाहून भावोजी, त्यामुळे ताईसमोर "अहो भावोजी" आणि ताईची पाठ वळली की "ए कंडक्टर". तो मला सगळ्यांसमोर "ड्रायव्हर"च म्हणायचा. माझं खरं नाव त्याला माहीत होतं की नाही, मला शेवटपर्यंत शंका होती.

गंमत अशी, की कामावर असताना आम्ही एकमेकांचं तोंड कधी बघितलं नाही. माझ्या पाठीमागे पत्रा, पत्र्यामागे तो. छताखालून एक दोरी यायची आणि माझ्या कानाशी घंटी. एक टोला, थांब. दोन टोले, सोड. एवढ्यावर आमचं आयुष्यभर जमलं. ताईला त्याच्याशी दिवसाकाठी हजार शब्द बोलावे लागायचे, तरी भांडणं व्हायचीच.

त्याची डबल बेल मला झोपेतही ओळखू आली असती. बाकीचे कंडक्टर "टिंगटिंग" करून मोकळे. हा एक टोला द्यायचा, दारातून मान बाहेर काढायचा, मागे कुणी धावत येतंय का बघायचा आणि मगच दुसरा. तेवढ्यात माझा क्लच दाबून, गिअर टाकून व्हायचा. त्या दोन टोल्यांमधल्या जागेत एकदा शाळेची अख्खी सहल चढली होती, मास्तरांसकट. खोटं वाटत असेल तर मास्तरांना विचारा. सापडले तर.

रिटायर झाला आणि हा माणूस गप्प झाला. घर मुद्दाम बसस्टॉपसमोर घेतलं होतं, घंटीशिवाय चैन पडत नाही म्हणून. दिवसभर खिडकीत बसायचा.

"बघ तुझे भावोजी," ताई मला म्हणायची. "सकाळपासून दुसऱ्यांच्या बस सोडतायत. मी जेवायला हाक मारली तरी मान वळवत नाहीत."

हे बघून माझ्या भाचीनं ते कुत्र्याचं पिल्लू आणलं. "बाबा, याला वळण लावा," म्हणाली आणि आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली. ताईनं तिला बजावलं होतं की आणायचंच तर लहान आण. भाचीनं लहानच आणलं. ते लहान राहणार नाही, एवढं मात्र सांगितलं नाही. मोठ्या जातीचं पोर ते! सकाळी बाकाखालून आरपार जायचं आणि संध्याकाळी बाक पाठीवर घेऊन उठायचं.

तर त्या चप्पल-तरंगण्याच्या दिवशी ताईनं वर्तमानपत्राची सुरळी केली आणि हात उगारला. कंडक्टर खिडकीतून उठला. किती महिन्यांनी इतक्या चपळाईनं उठताना मी त्याला पाहिलं.

"पॅसेंजरवर हात उचलायचा नाही."

"कोण पॅसेंजर?"

"हा. नोकरीत कधी कुणावर उचलला नाही, आता घरात उचलू?"

"विनातिकीट आहे हो तुमचा पॅसेंजर!"

"मग खाली उतरवायचा. मारायचा नाही."

असं त्या पिल्लाचं बारसं झालं. ताईनं पदर खोचला आणि फडकं घेतलं. पुसता पुसता म्हणाली, "ऐका. महिनाअखेरपर्यंत हा बाहेर जायला शिकला तर राहील. नाहीतर गोदामाचा वॉचमन मागतोयच. साखळीनं बांधून ठेवील आणि भुंकायला शिकवील. माझी कंबर आता पुसण्यातली राहिलेली नाही."

कंबर खरंच दुखत होती तिची. कंडक्टरनं पिल्लाकडे बघितलं, पिल्लानं कंडक्टरकडे. मला आपलं उगाच वाटलं, की वॉचमनकडे नेलं तर दोघांनाही न्यावं लागेल.

आमची जुनी बस भंगारात गेली तेव्हा कंडक्टरनं तिची घंटी मागून आणली होती. दुसऱ्या दिवशी ती दारावर टांगली आणि दोरी छताखालून खिडकीतल्या आपल्या खुर्चीपर्यंत आणली. ताई तिच्यावर हातरुमाल वाळत घालायची. एक रुमाल घातला की घर थांबायचं, दोन घातले की सुटायचं.

"टाइमटेबल पाहिजे ड्रायव्हर," तो म्हणाला. "खाल्लं की बाहेर. झोपून उठला की बाहेर. खेळून दमला की बाहेर. आणि नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागला, की ती ज्यादा गाडी."

तसं सुरू झालं. डबल बेल दिली की पट्टा लावून समोरच्या दिव्याच्या खांबापाशी. तिथं काम झालं रे झालं, की तिथल्या तिथे बिस्किट आणि असं कौतुक, की रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटावं यानं परीक्षेत नंबर काढला. आत चूक झाली तर रागवायचं नाही, बोलायचं नाही, गुपचूप पुसायचं. पुसायचं काम कंडक्टरनं स्वतःकडे घेतलं. ताई दारात उभी राहून सांगायची, "कोपरा राहिला."

सिंगल बेल म्हणजे जिथं असशील तिथं बस. हे मात्र पठ्ठ्या लवकर शिकला. अंगात नुसताच गोंधळ भरलेला. विमा एजंट आला की पुढचे दोन्ही पाय त्याच्या खांद्यावर ठेवून त्याचा चष्मा चाटायचा. कंडक्टर एजंटला सांगायचा, "त्याच्याकडे बघू नका. पाठ फिरवा. घाई करणाऱ्या पॅसेंजरशी नजर मिळवली की तो जास्तच घाई करतो." एजंट पाठ फिरवायचा, सिंगल बेल व्हायची, पॅसेंजर मटकन बसायचा आणि मग एजंटला वळायची परवानगी. दारातही नियम होता. आधी उतरणारे, मग चढणारे. माणसं बाहेर पडेपर्यंत पिल्लू उंबऱ्याच्या आत थरथरत उभं. सोफा राखीव. माझा बूट मात्र कोणत्याच नियमात बसला नाही. तो त्यानं खाल्ला.

सगळं इतकं छान चाललं, की ताईनं भीतीनं कपाटावर ठेवलेल्या चपला खाली घेतल्या, माळ्यावरचा गालिचा काढून पुढच्या खोलीत अंथरला आणि मैत्रिणींना चहाला बोलावलं. पॅसेंजर कडेला शहाण्यासारखा बसलेला. मैत्रिणी म्हणतायत, "बाई बाई, किती वळण!" ताई म्हणतेय, "यांनीच लावलं हो," आणि कंडक्टर खुर्चीत लाजतोय. एवढ्यात समोरच्या स्टॉपवरून बस सुटली.

टिंगटिंग.

पॅसेंजर उठला. गालिच्याच्या मधोमध गेला. आणि हुकमाची तामिली केली.

किंचाळ्या थांबल्या, पुसापुशी झाली, तेवढ्यात दुसरी बस. टिंगटिंग. त्या दिवशी बसही वाढवल्या होत्या की काय कोण जाणे. तिसऱ्या बसला मैत्रिणी पर्स डोक्यावर धरून कपाटापाशी उभ्या होत्या. पिल्लाच्या पोटात उरलेलं काही नव्हतं, पण ते बिचारं जाऊन उभं राहायचं आणि बिस्किटासाठी वळून बघायचं.

मी हळूच म्हणालो, "कंडक्टर, आपण स्टॉपसमोर राहतो."

"हे तुला आत्ता कळलं?"

"तुला कधी कळलं?"

दोघांची मिळून एवढी नोकरी झाली, रोज कानावर ती घंटी, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

मैत्रिणी गेल्यावर ताईनं शांतपणे गालिचा गुंडाळला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "रविवारी वॉचमनला बोलावते," एवढंच म्हणाली आणि आपल्या चपला उचलून पुन्हा कपाटावर ठेवल्या.

कंडक्टर खिडकीत जाऊन बसला. पिल्लू त्याच्या पायावर हनुवटी ठेवून. मला वाटलं, झालं, परत गप्प झाला हा. बाहेर एक बस आली, सुटली, आणखी एक आली, सुटली. आणि तो एकदम म्हणाला, "ड्रायव्हर, माझी बेल अशी होती का रे?"

"छे! तुझी कुठं अशी? तुझ्या बेलमध्ये माणूस अंघोळ करून येऊ शकत होता."

"मग मी याला देताना घाई का करतोय?"

तेव्हापासून त्यानं आपली खरी बेल काढली. एक टोला. मान दाराबाहेर, खरंच रस्त्यावर दोन्हीकडे बघणं. मग दुसरा टोला. बाहेरून टिंगटिंग झालं की पिल्लू उठायचं, तो नुसता तळहात दाखवायचा. "ती आपली गाडी नाही." परत टिंगटिंग, परत तळहात. दिवसभर तेच. बोलून बोलून त्याचा घसा बसला. आदल्या सबंध वर्षात तो जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या आठवड्यात त्या कुत्र्याशी बोलला. ताई आतून ऐकत असायची. भांडी घासताना नळ बारीक करून ऐकायची, हे मी पाहिलंय.

रविवारी वॉचमन यायच्या आधी ताई खुर्ची घेऊन खोलीच्या मधोमध बसली. "दाखवा," म्हणाली.

बस आली. टिंगटिंग. पॅसेंजरचा एक कान हलला. पुढची बस. टिंगटिंग. त्यानं कंडक्टरकडे बघितलं, कंडक्टर छताकडे बघत होता. तिसऱ्या बसला त्यानं जांभई दिली. मग कंडक्टरनं दोरी ओढली. टिंग. पॅसेंजर उभा राहिला आणि मान वाकडी करून थांबला. कंडक्टरनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. टिंग. ते एवढं मोठं धूड दारापर्यंत गेलं, थांबलं आणि ताईकडे बघत उभं राहिलं.

"काय म्हणतोय हा?" ताई.

"आधी तू उतर, म्हणतोय," कंडक्टर म्हणाला.

ताई उठली, पुढे होऊन बाहेर गेली. तिच्यामागून तो. खांबापाशी काय व्हायचं ते झालं. परत आल्यावर ताईनं कपाटावरच्या चपला काढल्या आणि दारात जमिनीवर ठेवल्या. वॉचमन आला तेव्हा त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

मग पुष्कळ वर्षं गेली. पॅसेंजर वासराएवढा झाला. माझी बायको म्हणते बकरीएवढा, जाऊ द्या. कंडक्टरबरोबर फिरायला निघाला की आधी स्टॉपवर रांगेत उभा राहायचा, आणि नवखी माणसं मुकाट्यानं त्याच्या मागे लागायची. एकदा तर बस थांबली, दार उघडलं आणि आतला कंडक्टर त्याला "पुढे सरका" म्हणाला. त्या दोघांना संध्याकाळच्या उन्हात खांबापाशी उभं बघितलं, की मला वाटायचं, आम्ही तिघं एकाच दोरीचे. मी पुढच्या टोकाला, हा मागच्या, आणि कंडक्टर मधे.

परवा सकाळी कंडक्टरच्या छातीत दुखायला लागलं. गाडी आणली. पॅसेंजर गाडीत चढायला धडपडला, कुणाला ऐकेना. कंडक्टर उंबऱ्याशी थांबला. आम्ही दोन्हीकडून धरलेला, तरी त्यानं हात वर करून दोरी ओढली. टिंग. पॅसेंजर दारातल्या पायपुसण्यावर मटकन बसला.

"बस. आलोच," तो म्हणाला.

आला नाही. काल दुपारी सगळं आटोपून आम्ही घरी परतलो, तर पॅसेंजर तिथंच. शेजारीण म्हणाली, "काल सकाळपासून हलला नाही हो. पाणी ठेवलं, पाव ठेवला. ओढून बघितलं. बाहेर म्हणून जात नाही आणि आत एक थेंब म्हणून नाही." पायपुसणं कोरडं होतं. त्याचे मागचे पाय कापत होते.

ताईनं हाक मारली. भाचीनं पट्टा लावून ओढला. तो जागचा हलेना.

"तू दे रे बेल," ताई मला म्हणाली.

मी जन्मात कधी बेल दिली नव्हती. ड्रायव्हरनं ती फक्त ऐकायची. दोरी धरली आणि दिली ओढून, टिंगटिंग. पॅसेंजरनं नुसती नजर वर केली. ती आपली गाडी नाही, असा चेहरा. परत दिली. परत तेच. मधे जागा सोडायची हे मला ठाऊक होतं, पण किती, ते हाताला सापडेना. कधी लवकर व्हायची, कधी उशिरा.

मग मी कंडक्टरच्या खुर्चीत बसलो. पाठ ताठ केली. पाय समोर घेतले, जसे केबिनमध्ये असायचे. उजव्या हातानं दोरी ओढली.

टिंग.

डावा पाय आपोआप दाबला गेला. डावा हात गिअरवर गेला. पॅसेंजर उठून उभा राहिला आणि मान वळवून आत बघितलं त्यानं, माझ्या मागच्या खोलीत, पलंगाकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. सावकाश बघितलं. कुणी धावत येत नव्हतं.

गिअर पडला.

टिंग.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. ताईनं डोळे पुसले, चपला पायात घातल्या आणि त्याच्या आधी उंबरा ओलांडला.